मिठात भाजलेला मसाला

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला बोलावलं. विषय होता, प्रसिद्धीमुळे छोटा धंदा कसा वाढतो. मला म्हणे त्यातलं कळतं, कारण माझा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक, गळ्यात शाल. मी उभी राहिले आणि जे सुटले ते सुटले. आधी गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचो, आता टोकन द्यावं लागतं. एक मशीन होतं, त्याची दोन झाली. हाताखाली दोघी बायका आहेत. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एकीने उठून विचारलं, "ताई, यात तोटा काहीच नाही का?" मी म्हटलं, "छे! तोटा कसला?"

घरी आले आणि भात नुसता चिवडत बसले. नवरा ताटावरून उठता उठता म्हणाला, "अर्धंच सांगून आलीस ना?" तो बोलतो कमी, पण बोलतो ते नेमकं वर्मावर. मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, मग तू जायचं होतंस भाषण ठोकायला. पण खरं सांगायचं तर तो बरोबर होता. त्या एका वाक्याखेरीज मी काही खोटं बोलले नव्हते, पण ते एक वाक्य मला पचेना. म्हणून उरलेलं अर्धं इथे लिहून काढते आहे.

करंजाड्याला आमचा मसाल्याचा डंक आहे. ज्यांना फक्त मिक्सर ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत पुरलेली लोखंडी उखळ असते आणि तिच्यात वरून जाडजूड लोखंडी मुसळं मोटरवर धाडधाड आपटत असतात. भाजलेली मिरची, धणे, खडा मसाला त्यात ओतायचा. मुसळ वर गेलं की हात घालून कडेचा माल मधे लोटायचा, ते खाली यायच्या आत हात बाहेर. सुरुवातीला माझा जीव मुठीत असायचा. आता मी टीव्हीवरची मालिका बघत हात घालते आणि नवरा शिव्या घालतो.

नवरा महाप्याला एका कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा आमची मुलगी शाळेत होती आणि फ्लॅट नवा होता. पनवेलमधले एक म्हातारे गृहस्थ आपला डंक विकून गावी निघाले होते, तो आम्ही घेतला. मशीन देताना त्यांनी मला समोर बसवलं, नवऱ्याला नाही. म्हणाले, "बाई, दोन गोष्टी पाळा. कोणाच्या मसाल्यातला चमचाभरही मागे ठेवायचा नाही. आणि एकीचं प्रमाण दुसरीला सांगायचं नाही. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, हे बिघडलं तर दुकान बंद करा." मी तेव्हा तिशीत होते. मनात म्हटलं, मिरची कुटायला एवढी शपथ कशाला?

पहिल्याच उन्हाळ्यात कळलं कशाला ते. मार्च लागला की बायका वर्षाचा मसाला घेऊन येतात. प्रत्येकीच्या पिशवीत प्रत्येकीचं घर असतं. कुणाची बेडगी जास्त, कुणाची लवंगी, कुणी दगडफूल मूठभर घालते तर कुणी बोटाच्या चिमटीने. आपला माल उखळीत असेपर्यंत बाई तिथून हलत नाही. तोंडाला पदर बांधून, शिंकत, खोकत, डोळे पुसत बसून राहते. दुसरीचा नंबर आला की पहिलीने लांब जाऊन उभं राहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळ्या. सख्ख्या जावासुद्धा एकमेकींच्या कांडपाच्या वेळी रिक्षा स्टँडपर्यंत फिरून येतात.

मी मात्र तिथेच असते. सगळ्यांच्या वेळी. दिवसभर त्याच धुरळ्यात उभं राहून माझं नाक असं तयार झालं, की पिशवीचं तोंड सुटलं की मी ओळखायची: ही घाटावरची, ही मालवणी, हिची सासू कोळ्यांची असणार. त्याचा मला माज होता. होय, माजच म्हणते. शिकले दहावीपर्यंत, दुसरं काही फुशारकी मारण्यासारखं जवळ नव्हतं.

आत्या पहिल्यांदा आली तेव्हा आम्हाला तिसरा उन्हाळा चालू होता. आत्या म्हणजे माझी कोणी नव्हे. उरणच्या बाजूच्या एका गावातली आगरी बाई, तेव्हाच पन्नाशीच्या पुढची. गुडघ्यापर्यंत कासोटा, एक पिशवी डोक्यावर, एक काखेला, दोन बस बदलून आलेली. मी विचारलं, "आत्या, उरणला डंक नाहीत का?"

"हायत की," ती म्हणाली, "पन तिथं सगल्याजनी नाक लावून बसतान."

मला हसू आलं. नंतर कळलं की हसण्यासारखं काही नव्हतं. मुलगा गेलेला, घरात सून आणि एक नात. आत्या मसाला करून विकायची. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरवाल्यांच्या खानावळी आहेत, त्यांतल्या काही आणि गावातली मासेवाल्यांची घरं, एवढी तिची गिऱ्हाइकं. त्यावर तिघींचं घर चालायचं आणि नातीचं कॉलेज. तिच्या मसाल्यातलं कालवण खाल्लेला माणूस दुसरीकडचा मसाला घ्यायचा नाही. म्हणून ती गावातल्या डंकावर जायची नाही. दोन बस बदलून, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं तिथे, म्हणजे माझ्याकडे यायची. दर दीड-दोन महिन्यांनी, पावसाळा सोडून.

खडा मसाला ती वेगळ्या फडक्यात बांधून आणायची, भाजलेला. ते गाठोडं ती स्वतः उखळीत रिकामं करायची, मला हात लावू द्यायची नाही. दोन वर्षं मी वास घेत होते आणि मला पत्ता लागत नव्हता. जिन्नस सगळे ओळखत होते, पण त्यात काहीतरी होतं, तेलाचा वास अजिबात नव्हता आणि भाजणी मात्र आतपर्यंत उतरलेली. एकदा तिचं कुटून झाल्यावर उखळीच्या तळाशी दोन-तीन पांढरे खडे दिसले. मी एक जिभेवर ठेवला. जाडं मीठ. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती खडा मसाला तेलात नव्हे, मिठात भाजत होती. मिठागराचं जाडं मीठ कढईत तापवायचं, त्यात मसाला परतायचा आणि मग मीठ चाळून काढायचं.

मान वर केली तर आत्या माझ्याकडेच बघत होती.

"समजलं?" तिने विचारलं.

"समजलं."

"मंग गिलून टाक."

मी तो मिठाचा खडा गिळला. तिने पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि बस पकडायला गेली. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं. तिची सासू मिठागरावर कामाला होती, घरात तेलाचा थेंब नसायचा पण मीठ टोपलीने पडलेलं असायचं, त्यातून ही रीत आली. हे आता तिला, सुनेला आणि मलाच माहीत आहे, असं म्हणाली. मला केवढं भारी वाटलं होतं तेव्हा! त्यानंतर आम्ही गिऱ्हाईक आणि दुकानदार राहिलो नाही. माझी आई वारली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी दारात होती. पोरीच्या दहावीला तिने वाल पाठवले होते, सोलून.

मग धंदा उतरायला लागला. नव्या सोसायट्या झाल्या, माणसं वाढली आणि डंकावर येणाऱ्या बायका कमी झाल्या, हे मला आधी कळेचना. पण नोकरीवरून सातला घरी येणारी बाई मिरच्यांचे देठ कधी खुडणार? ती पाकीट आणते, आणि तिचं चुकतं असंही नाही. दोन उन्हाळे असे गेले की दुपारी मोटर बंद ठेवून आम्ही दोघं पत्ते खेळायचो. नवरा भंगारवाल्याला मशीन दाखवून आला. मला न सांगता! मी त्याच्यावर जो तोंडाचा पट्टा सोडला तो अख्ख्या गल्लीने ऐकला. पण रागावून गिऱ्हाईक येत नाही. आत्या आली तेव्हा मी तिच्यासमोर रडले. म्हटलं, हा उन्हाळा शेवटचा, पुढच्या खेपेला दुसरा डंक बघून ठेव. ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मिरचीच्या हाताने, त्यामुळे माझा ब्लाउज लाल झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक मुलगी दुकानात आली. जीन्स, पाठीला सॅक, हातात मोबाइल आणि त्याला लावलेली दांडी. म्हणाली, मी जुन्या धंद्यांवर व्हिडिओ करते, तुमचा करू का? मी आत पळाले, साडी बदलून, पावडर लावून आले. नवरा म्हणाला, मिरची कुटायचीय का लग्नाला जायचंय? मुलगी गोड होती. तिने मशीन घेतलं, मुसळं घेतली, माझा हात आतबाहेर होताना घेतला आणि "बाप रे, काकू!" असं दहा वेळा म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कोणी बाप रे म्हटलं नव्हतं. मी फुगले. नाकाचं कौतुक सांगितलं. तिने दोन-तीन बंद पिशव्या माझ्यापुढे धरल्या, मी वासावरून ओळखून दाखवल्या. ती तर उडालीच.

मग तिने विचारलं, "काकू, इतके मसाले तुमच्या नाकाखालून गेले. त्यातला सगळ्यात भारी कुठला?"

मी म्हणाले, "एक आहे." इथे थांबायला हवं होतं. एवढंच बोलून हसले असते तरी चाललं असतं. पण तिचे डोळे मोठे झाले होते आणि मोबाइल माझ्याकडे बघत होता. "त्यात खड्या मसाल्याला तेलाचा थेंब नसतो. मिठागराचं जाडं मीठ कढईत तापवायचं, गरम वाळूसारखं, आणि त्यात भाजायचं. मग चाळून घ्यायचं. वर्ष झालं तरी जाळी धरत नाही, आणि मासळीच्या कालवणाला तर काय विचारूच नका."

धाडधाड एकदम थांबली. नवऱ्याने मोटर बंद केली होती. तो माझ्याकडे बघत होता. मुलीला वाटलं आवाज नको म्हणून बंद केली. ती म्हणाली, "थँक यू काका," आणि मला म्हणाली, "काकू, एक नंबर!"

लोकांना वाटेल मला नंतर चूक कळली. नाही. मला तेव्हाच, तिथल्या तिथे कळली होती. एवढं वाक्य काढून टाक गं बाळा, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण तेच तर मी सगळ्यात छान बोलले होते. ते काढलं असतं तर बाकी काय उरलं असतं, एक बाई आणि मिरचीचा धुरळा. आणि मनाची समजूत घालायला कारण सापडलं, की मी आत्याचं नाव कुठे घेतलंय?

व्हिडिओचं नावच ठेवलं होतं, "मिठात भाजलेल्या मसाल्याचं सिक्रेट".

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माझ्या माहेरच्या ग्रुपवर, मग पुण्याहून एका भाचीचा फोन. एका पेपरात फोटो आला. एका चॅनेलवाल्यांनी मला पुन्हा सगळं करून दाखवायला लावलं, या वेळी कढई आणि मिठासकट, आणि मी दाखवलं. हो, दुसऱ्यांदाही दाखवलं. तोवर दुकानाबाहेर गाड्या लागायला लागल्या होत्या. खारघर, नेरुळ, पार ठाण्याहून बायका येत होत्या. ज्यांनी जन्मात मिरचीचा देठ खुडला नव्हता त्या पिशव्या घेऊन, सेल्फी काढत, ठसका लागून हसत उभ्या. "काकू, आम्हाला तो मिठातला पाहिजे." भंगारात जाणारं मशीन दिवसभर धडधडायला लागलं. पोरीची फी वेळेवर गेली. नवऱ्याने पत्त्याचा कॅट कपाटावर टाकला. हे खोटं नाही. प्रसिद्धीने आमचं दुकान वाचवलं, हे मी समाजमंदिरात बोलले आणि उद्याही बोलेन.

पण आमच्या जुन्या बायकांपैकी एक मास्तरीणबाई होत्या, दरवर्षी पहिल्या येणाऱ्या. त्या आल्या आणि आपल्या पिशवीवर ओढणी धरून बसल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे, मीच ओतते." चेष्टेत म्हटलं, "काय बाई, एवढा भरवसा नाही?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही आता टीव्हीवर असता." पुढच्या वर्षी त्या आल्याच नाहीत. त्यांच्यासारख्या आणखीही काही आल्या नाहीत. गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण माझ्या आलं.

आणि आत्या आली नाही. दीड महिना झाला, दोन झाले, उन्हाळा संपत आला. तिच्याकडे फोन होता, सुनेचा. मी रोज ठरवायची, आज करते. रोज काहीतरी काम निघायचं. खरं म्हणजे मी टाळत होते. नवरा एकदाच म्हणाला, "जाऊन ये." मी म्हटलं, "सीझन आहे, कशी जाऊ?"

पावसाच्या तोंडावर एक गृहस्थ आले, पोत्याने मिरची घेऊन. बंदराच्या रस्त्यावर खानावळ आहे म्हणाले. व्हिडिओ बघून आलो, आता घरीच मिठात भाजून आणलंय, फक्त कुटून द्या. बोलता बोलता म्हणाले, "आधी एका म्हातारीकडून घ्यायचो, उरणकडच्या. चव हीच. पण ती कसं करते ते कधी बोलायची नाही. आता काय, तुम्ही सांगितलंत, आपण आपलं करतो. आणि आता तर पाकिटातही मिळतोय." त्यांनी खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. रंगीत पाकीट, त्यावर मिठाचा ढीग आणि लिहिलेलं, "मिठागरी मसाला".

ती म्हातारी कोण, ते मी ओळखलं. तरीही मी त्यांचा मसाला कुटून दिला. मागे रांग होती, दोन्ही मशीन चालू होती आणि मला नाही म्हणायचं काही कारण सांगता येईना. उखळीत हात घालत होते आणि तोच वास येत होता, आत्याचा. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण उखळीत हात असताना डोळ्यांतलं पाणी मिरचीचं नव्हतं असा तो एकच दिवस मला आठवतो. छे, मी हे लिहितेय खरी, पण लिहिताना स्वतःचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकान हाताखालच्या दोघी बायकांवर टाकून मी उरणची बस धरली. आत्याच्या गावी मी पहिल्यांदाच जात होते. इतक्या वर्षांत तीच येत राहिली होती. घर विचारत गेले. सून दारात तांदूळ निवडत होती. तिने मला ओळखलं, व्हिडिओवरून. "या" म्हणाली नाही, "बसा" म्हणाली नाही, पाणी मात्र दिलं. "आई कामावर गेल्यात," म्हणाली. कुठे, तर कंटेनर यार्डच्या कॅन्टीनमध्ये. कांदे चिरायला आणि भांड्याला. वयाच्या पासष्टीत! नात आता कॉलेजात जात नव्हती. एका गोदामात स्टिकर चिकटवायच्या कामावर लागली होती. खानावळी एकेक करून सुटल्या, गावातल्या बायका घरीच मिठात भाजायला लागल्या. "आता सगल्यांना येतंय," सून म्हणाली आणि सूप झटकलं. तिने मला एक शिवी दिली असती तरी मी ऋणी झाले असते.

आत्या दुपारी तीनच्या सुमाराला आली. मला बघून दारातच थबकली, मग चपला काढून आत आली. हाताला कांद्याचा वास होता. मी उठून तिचे पाय धरायला वाकले तर तिने मला दंडाला धरून वर उचललं. "काय गो, असं काय करतंस?" आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.

मी येताना सगळं ठरवून आले होते. एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, आत्या, मी त्या मुलीला परत बोलावते. तिला तुझा व्हिडिओ करायला लावते, तुझं नाव, तुझ्या सासूचं नाव घालून. लोकांना कळू दे ही रीत कुणाची. चॅनेलवाले येतील. तू माझ्या दुकानात बस, माझ्या एका मशीनवर फक्त तुझा मसाला कुटायचा, पाटी तुझ्या नावाची. माझ्यामुळे झालं ते मी निस्तरते.

तिने सगळं ऐकून घेतलं. घाईत असल्यासारखी नव्हती, रागावलेली नव्हती. ते बघून मला जास्त भीती वाटली.

"नाव घालून काय व्हनार?" ती म्हणाली. "ज्याला करता येतंय तो माझ्याकडून कशाला घेल? ती चीज न बोलन्यावरच चालली व्हती, पोरी. बोलल्यावर ती सगल्यांची झाली. आता ती परत माझी कशी करशील?"

मी रडायला लागले आणि म्हटलं, "आत्या, मला शिव्या दे. मला तू विश्वासाने सांगितलं होतंस."

"शिव्या कशाला देऊ? चूक माजी पन हाय."

"तुझी कसली चूक?"

चहा आला. तिने कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "ती पोरगी, व्हिडिओवाली. ती आमच्या नातीच्या कॉलेजची. पयली माझ्याकडंच आलेली, आजी तुमचा मसाला दाखवा म्हनून. मी नाय बोलली. मना नको तसलं काय." तिने पदराने कपाळ पुसलं. "पन तुजा डंक बंद पडाला आलेला. तू रडलीस त्या दिवशी. मनान आलं, हिचं तरी भलं व्हईल. म्हनून मीच तिना तुज्याकडं धाडली."

मी कप हातात धरून बसले होते.

"तिना बोलली मी," आत्या म्हणाली, "त्या बाईकडं जा. ती कुनाचं काय बोलाची नाय."